मिस म्हणणारी मुलगी

आमच्या शाळेत मुलं मला मॅडम म्हणतात. एकच मुलगी मिस म्हणायची. ती सातवीत आमच्याकडे आली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहिली. त्या चार-पाच महिन्यांत मी तिच्याशी कशी वागले ते नवऱ्याला सांगितलं, पण तेही अर्धवटच. बाकी कुणाला सांगितलेलं नाही.

शाळा निवासी आहे. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडं आत. मी जव्हारला राहते. सकाळी डेपोतून एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप, आणि फाट्यापासून पुढे चालत. माझे आईवडील याच भागातल्या एका पाड्यावर भात आणि नागली करायचे. घरात आमची बोली. मराठी मला शाळेत शिकावी लागली. बारावीला विज्ञान घेतलं, तिथे सगळं इंग्रजीतून होतं आणि मी जेमतेम पास झाले. मग डी.एड. केलं आणि नोकरीला लागल्यावर वाटलं, सुटले एकदाची इंग्रजीतून.

मग एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सांगितलं की सहावीपासून विज्ञान आणि गणित इंग्रजीतून होणार. बाकीचे विषय मराठीतच.

मी म्हटलं, "सर, यांना अजून मराठीच नीट येत नाही."

"पालकांची मागणी आहे, मॅडम. नाहीतर मुलं दुसरीकडे जातात. तुम्ही धडा वाचा, मराठीत समजवा, प्रश्नोत्तरं इंग्रजीत लिहून द्या. सगळीकडे असंच चाललंय."

मी तसंच चालू केलं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की पुस्तक घेऊन बसायची आणि अवघड शब्दांवर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवायची. इंग्रजी वाचून मला अर्थ कळायचा, पण बोलण्याची सवय कधी नव्हतीच. काही उच्चार मोबाइलवर ऐकायची, बरेचसे स्पेलिंगवरून अंदाजाने लिहायची. वर्गात तेच वाचायची आणि मुलं माझ्यामागे म्हणायची. मुलांनी त्यांच्या परीने वाट काढली होती. ती उत्तरं अक्षरांच्या चित्रासारखी पाठ करत. पहिल्या वर्षी चाचणीत मी ‘व्हॉट इज फोर्स’ याऐवजी ‘डिफाइन फोर्स’ असं लिहिलं, तर अख्ख्या सहावीने तो प्रश्न कोरा सोडला. उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पण तोच प्रश्न आहे हे कुणाला कळलं नव्हतं. त्यानंतर मी प्रश्न कधी बदलले नाहीत.

ती मुलगी आली तेव्हा हे असं दोन वर्षं चाललेलं होतं.

पाऊस लागून महिना झाला होता. मुख्याध्यापक तिला घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. बारीक, उंच, केस कानापर्यंत कापलेले. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची. पण पहिलीपासून सहावीपर्यंत ती लांब शहरातल्या इंग्रजी शाळेत, तिथल्या वसतिगृहात वाढली होती. आमच्या भागातली बरीच मुलं सरकारी योजनेतून अशी लहानपणी शहरात नेलेली आहेत. तिच्या शाळेचं वसतिगृह बंद झालं आणि मुलांना घरी पाठवलं. जवळची शाळा म्हणून तिला आमच्याकडे घातलं.

"सांग तुझं नाव मॅडमना," मुख्याध्यापक म्हणाले.

तिने नाव सांगितलं आणि पुढे म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस."

वर्ग हसला. मीही हसले. पहिल्या दिवशी मला ती आवडली होती, हे खरं आहे.

आठवड्याभराने कळलं की तिला मराठी वाचता यायचं, तेही अडखळत. बोलायला ती हिंदी आणि इंग्रजी वापरायची. घरची बोली तर पार गेली होती. वर्गातल्या मुली आपसात बोलीत बोलत तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

नंतर शरीराचा धडा आला. स्नायू, मग पचन. मी फळ्यावर शब्द लिहिला, पुस्तकातला माझा पेन्सिलीचा उच्चार बघितला आणि मोठ्याने म्हटलं, "मस्कल. म्हणजे स्नायू. म्हणा, मस्कल."

मुलांनी म्हटलं. तिने हात वर केला.

"मिस, इट्स नॉट मस्कल. मसल. सी इज सायलेंट."

तिच्या बोलण्यात काही आगाऊपणा नव्हता. तिच्या जुन्या शाळेत असं सांगत असतील, आणि शिक्षिका ‘थँक यू’ म्हणत असतील. इथे मुलांना ‘मसल’ ऐकून मसाला आठवला की मुसळ, कोण जाणे, पण सगळा वर्ग खदखदून हसला. ते हसणं तिच्यावर होतं. मला वाटलं माझ्यावर आहे.

मी म्हटलं, "दोन्ही चालतं."

ती म्हणाली, "बट मिस—"

"दोन्ही चालतं म्हटलं ना. खाली बस. सगळ्यांनी तीनदा म्हणा, मस्कल."

वर्गाने तीनदा म्हटलं. ती गप्प होती. मी तिच्या बाकापाशी गेले आणि म्हटलं, "तूसुद्धा." तिने माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि हळू आवाजात तीनदा मस्कल म्हणाली.

तो तास संपल्यावर मी मोबाइलला रेंज मिळते त्या पायरीवर जाऊन शब्द ऐकला. मसल. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगता आलं असतं, काल माझं चुकलं. एका वाक्याचं काम होतं. मी पुढचा धडा घेतला.

त्यानंतर मला तिची भीती वाटू लागली. बारा-तेरा वर्षांच्या पोरीची. वाचताना मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायची. ती हात वर करायची नाही, पण एखादा शब्द चुकला की तिच्या भुवया जराशा हलायच्या, आणि मला पुढची ओळ सुचायची नाही. मग मी एक युक्ती काढली. तिला प्रश्न मराठीतून विचारायचे.

"ऊठ. विद्राव्य म्हणजे काय?"

ती उठायची. "मिस, कॅन आय से इन इंग्लिश?"

"ही मराठी शाळा आहे. मराठीत सांग."

तिला उत्तर यायचं, हे मला माहीत होतं. ती उभी राहायची. मग मी मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीला विचारायची, ती पाठ केलेलं म्हणायची, आणि मी म्हणायची, "बघ, हिला येतं." असं आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं. वर्गालाही त्याची सवय झाली. तिला मराठीत विचारलं की मुलं आधीच हसायला लागत. मी त्यांना गप्प करत नसे.

वसतिगृहाची व्यवस्था बघणाऱ्या अधीक्षिका एकदा मला म्हणाल्या, "ती तुमची सातवीतली इंग्रजीवाली कुणाशी बोलत नाही हो. मुली तिला जेवणाच्या रांगेत मागे ढकलतात. तुम्ही जरा बघा."

मी म्हटलं, "रुळेल. शहराची सवय आहे तिला."

गणपतीनंतर तपासणी लागली. साहेब वर्गात येऊन इंग्रजीतून काय शिकवलं जातं ते बघणार होते. मुख्याध्यापकांना घाम फुटला होता. मला म्हणाले, "तुमच्याकडे ती मुलगी आहे ना, तिला पुढे घ्या."

मी तिला बोलावलं. उष्णतेचा प्रयोग ठरवला, लोखंडी गोळा आणि कडीचा. थंड गोळा कडीतून आरपार जातो, तापवला की अडकतो. साधं साहित्य, पण आमच्या कपाटात ते कधीचं पडून होतं, गोळ्याला गंज चढला होता. तिने तो राखेने घासून लख्ख केला. दोन दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्याबरोबर प्रयोगाच्या खोलीत थांबायची. स्पिरिटचा दिवा पेटवायची, गोळा तापवायची, बोलून बघायची. त्या दोन दिवसांत ती पुष्कळ बोलली. तिच्या जुन्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, कांद्याची साल तिने त्यातून पाहिली होती, असं सांगत होती. मी हं हं करत होते.

साहेब आले. तिने प्रयोग केला आणि सगळं इंग्रजीत सांगितलं, न थांबता, साहेबांच्या डोळ्यांत बघून. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरं दिली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, कमाल आहे. ही मेहनत दिसते." मी मान खाली घातली, जशी माणसं कौतुक झाल्यावर घालतात. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं नाही की ती इथे येऊन जेमतेम दोन-अडीच महिने झालेत. मीही नाही.

गाडी गेल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, ती काय बोलली?"

वर्गात कुणालाच काही कळलं नव्हतं. मी तो प्रयोग मराठीत परत करून दाखवायला हवा होता. पण स्पिरिट संपलं होतं आणि मी दमले होते.

दोन-तीन दिवसांनी ती प्रयोगाच्या खोलीत आली. मी कपाट लावत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "मिस, आप मुझे मराठी सिखाओ ना. लंच टाइम में. बाकी लड़कियाँ मुझसे बात नहीं करतीं."

मी मागे वळले. हो म्हणणारच होते, असं मला आजही वाटतं. पण तिने पुढे म्हटलं, "और मैं आपको वर्ड्स कैसे बोलते हैं वो बताऊँगी. आपका भी हो जाएगा."

तिच्या डोक्यात तो सरळ व्यवहार होता. मी तुला देते, तू मला दे. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, काहीतरी चांगलं सुचल्याचा. माझ्या मात्र डोळ्यांपुढे सगळा शिक्षकवर्ग आला, मधल्या सुट्टीत एका पोरीसमोर बसून मी उच्चार घोकतेय.

"तू मला शिकवायला आलीस का इथे?" मी म्हटलं. "मराठी पुस्तकातून शिक. आम्ही शिकलो तशी."

ती म्हणाली, "सॉरी, मिस." आणि गेली.

आम्ही शिकलो तशी. पहिलीत मी बेडकाच्या चित्राला घरचा शब्द वापरला होता, तेव्हा आमच्या बाई पोट धरून हसल्या होत्या आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून माझ्याकडून तो शब्द पुन्हा वदवून घेतला होता. मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हे मला तेव्हा आठवलं नाही, असं म्हणता येणार नाही. आठवलं. तरीही मी कपाट लावत राहिले.

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. सहामाहीत विज्ञानाच्या पेपरात तिने मी लिहून दिलेली उत्तरं लिहिली, शब्दाला शब्द, माझ्या चुकांसकट. तिला त्या चुका दिसत होत्या, हे मला ठाऊक होतं. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

दिवाळीची सुट्टी संपली. दरवर्षी काही मुलं उशिरा येतात, काही येत नाहीत. भात झोडून झाला की पाडे रिकामे होतात, माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. ती पहिल्या आठवड्यात आली नाही, दुसऱ्यातही नाही. न आलेल्या मुलांच्या घरी शिक्षकांनी जायचं असतं. तिचा पाडा मी मागून घेतला.

मोखाड्याला आठवडे बाजार होता, म्हणून जीप मिळाली. पुढे तासभर चाल. घर सापडलं. दारात तिची आई बसली होती, मांडीवर काही दिवसांचं बाळ. मी कोण ते सांगितल्यावर ती उठायला लागली.

"बसा हो," मी म्हटलं. "मुलगी कुठंय?"

"गेली बापासंग भट्टीवर. मना पोर झाला, मी नाय जाऊ शके. बापाला भाकर कोन थापील?"

"शाळा बुडते ना तिची."

आई म्हणाली, "तीच म्हनली, मना नाय जायचा. आमचे संगा ती बोलं नाय, मॅडम. भूक लागली तर हिंदीत सांगं. मना हिंदी नाय समजं. पन येवढा समजला. ती म्हनली, मना विज्ञान येत नाय. मॅडम उभी करतात."

मी म्हटलं, "असं नाही. ती फार हुशार आहे. वर्गात तिच्याइतकं विज्ञान कुणालाच येत नाही."

"मंग ह्या तिला सांगला नाय का तुम्ही?"

ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "सांगेन." तिने शेजारणीला हाक मारून मला कोरा चहा करून दिला आणि एवढ्या लांब आल्याबद्दल दोनदा हात जोडले. परत चालताना मला वाटत होतं, भट्टीवर जावं, तिला घेऊन यावं. भट्टी कुठली, हे मी विचारलं होतं. आईला गावाचं नाव माहीत नव्हतं.

वर्ष संपताना हजेरीचा तक्ता भरायचा होता. शाळा सोडलेल्या मुलांपुढे कारण लिहायचं असतं. माझ्या वर्गाचा तक्ता मीच भरला. तिच्या नावापुढे मी ‘स्थलांतर’ लिहिलं. वरच्या दोन नावांपुढेही तेच होतं, म्हणून ते उठून दिसत नव्हतं.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, तीन वर्षांनी. पाऊस उघडत आला होता आणि आम्ही सहावीची सहल जव्हारजवळच्या शिरपामाळला नेली होती. सुट्टीचा दिवस, फिरायला आलेल्यांच्या गाड्या लागलेल्या. वाटेच्या कडेला बायका काकड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांत ती होती, मावशीबरोबर. उंची तेवढीच, केस वाढलेले. गाडीतून उतरलेली एक बाई तिला इंग्रजीत विचारत होती, या तुमच्या शेतातल्या का? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हां, घरच्या हायेत."

मी मुलांना पुढे पाठवलं आणि तिच्यापाशी बसले.

"ओळखलंस?"

"हां. मॅडम ना." आणि हसली.

तिची बोली आता तिच्या आईसारखी झाली होती, एकही शब्द अडत नव्हता. मी म्हटलं, "त्या बाई काय म्हणाल्या ते तुला कळलं."

"थोडा समजं. बोलाला जीभ नाय वळं आता."

मी तिथे काय बोलायचं ते कितीतरी वेळा मनात घोकलेलं होतं. "त्या वर्षी माझं चुकलं," मी म्हटलं. "तू बरोबर सांगायचीस. मला येत नव्हतं. मी तुला मुद्दाम उभी ठेवायची."

तिने काकड्यांवरचा ओला फडका सारखा केला. मग म्हणाली, "सायेब आलेले ना मॅडम, तो दिस मना याद हाय. सायेब गेले आन् तुम्ही माझे डोक्यावर हात ठेवलेला."

मला ते आठवत नव्हतं. मी ठेवला असेन.

मी तिला दहावीच्या फॉर्मबद्दल सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न येता परीक्षेला बसता येतं, दाखला मी काढून देते, विज्ञान मी शिकवते, मराठीतून. तिने आधारकार्ड आणि फोटो एवढंच आणायचं. तिने मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "घरी इचारू." मी तिला माझा नंबर काकड्यांच्या पाटीतल्या कागदावर लिहून दिला, मावशीचा घेतला.

त्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना सांगून तिचा दाखला तयार करून घेतला. मग सहामाहीचे पेपर आले, ते तपासायचे होते. दोनदा फोन लावला, लागला नाही. तिकडे रेंज नसते, म्हणून मी समजून घेतलं. पेपर झाले की स्वतः जाऊ, असं ठरवलं. दिवाळीच्या चार दिवस आधी मी गेले. घराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, यंदा सगळीच गेली, बाळासकट, भात लवकर उरकला म्हणून.

"पोरगी पण?"

"तीच तर कामाची हाय."

मी दाखला शेजारणीकडे द्यायचा विचार केला. पण तिच्या घरात तो भिजेल, हरवेल असं वाटलं, म्हणून परत घेऊन आले. मोखाड्याला जीपची वाट बघत असताना पुन्हा मावशीचा नंबर लावला. तो बंद होता. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात संपली.